शाळेत तपासणी झाली, पण चिठ्ठीचं पुढं काय झालं?

परिचारिकेचं शिक्षण घेणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलीला शाळेत काम करताना आलेले अनुभव

बैलाच्या खांद्याला आवाळू आलं तर शेतकरी वाट पाहत बसत नाही. औत सोडतो, बैलाला सावलीत बांधतो आणि जनावरांच्या दवाखान्याची वाट धरतो. जनावर कामाचं आहे, हंगाम तोंडावर आहे, हे त्याला कोणी सांगावं लागत नाही. त्याच घरातल्या लेकराला शाळेच्या तपासणीत डॉक्टरांनी चिठ्ठी दिली, तर ती मात्र दप्तराच्या तळाशी नाही तर देवळीत पडून राहते. घरच्यांची माया कमी असते म्हणून असं होत नाही. बैलाचं आवाळू डोळ्यांना दिसतं, लेकराच्या अंगातला बिघाड दिसत नाही. शिवाय लेकरू हसतं, खेळतं, भाकरी खातं. मग दवाखान्यात कशाला जायचं?

मी जीएनएम, म्हणजे परिचारिकेच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. घर बीड जिल्ह्यातलं, वडिलांची तीन एकर कोरडवाहू. आमच्या शिक्षणात रुग्णालयातल्या कामाबरोबर खेड्यात जाऊन काम करणंही असतं. उपकेंद्र, अंगणवाडी, घरभेटी आणि शाळा असं ते काम. गेल्या पावसाळ्यात आम्हा मुलींची तुकडी एका प्राथमिक आरोग्य केंद्राला जोडली होती. माझ्या वाट्याला डोंगरपट्ट्यातल्या एका गावची जिल्हा परिषदेची शाळा आली. पहिली ते आठवीचे वर्ग, आणि गावातली निम्मी घरं दसरा झाला की ऊसतोडीला जाणारी. गावाचं आणि माणसांची नावं मी मुद्दाम देत नाही. वाचणाऱ्यांनी आपल्याच गावाचं नाव तिथं घालून वाचावं.

सुईच्या भीतीनं भिंत ओलांडली

पहिल्या दिवशी आम्ही शाळेत पाऊल टाकलं आणि मागच्या भिंतीवरून चार पोरं पसार झाली. "सुई देणाऱ्या बाया आल्या रे!" एवढं ओरडून झालं, की पहिलीच्या वर्गात रडारड सुरू. गुरुजींनी हसत सांगितलं, "सिस्टर, आज काही टोचू नका, नाही तर उद्या हजेरी लागायची नाही." आम्ही त्या दिवशी नुसता वजनकाटा मांडला, भिंतीला उंचीची पट्टी लावली आणि नखं कापण्याचा कार्यक्रम केला. दुसऱ्या दिवशी पळालेली चारही पोरं आपलं वजन किती भरतं ते पाहायला रांगेत पुढं उभी होती.

तपासणीची सरकारी व्यवस्था आहे ती अशी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यातल्या पालघरहून सुरू झाला. त्यात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. डॉक्टर, परिचारिका आणि औषधनिर्माता यांचं पथक गाडीतून फिरतं. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत वर्षातून एकदा यावं असा नियम आहे. जन्मजात व्यंग, जीवनसत्त्वांची आणि रक्ताची कमतरता, बालपणचे आजार आणि वाढीतला उशीर अशा चार गोष्टी पथक पाहतं. पुढं तपासणी, औषध किंवा शस्त्रक्रिया लागली तर ती मोफत करून देण्याची सोय त्यात आहे.

पण पथकाला एका दिवसात पुष्कळ लेकरं पाहायची असतात. म्हणून पथक येण्याआधी वजन, उंची, डोळे आणि दात पाहून वर्गवार यादी तयार करण्याचं काम आमच्याकडं होतं. डॉक्टरांचा वेळ मग ज्या लेकरांना खरी गरज आहे त्यांच्यावर जातो.

'ढ' पोरगी आणि हुशार पोरगा

डोळे तपासायला मोठं यंत्र लागत नाही. वीस फुटांवर, म्हणजे सहा मीटरवर उजेडात तक्ता टांगायचा आणि एकेक डोळा झाकून अक्षरं वाचायला लावायची. अक्षरओळख नसेल त्याला चिन्हाची तोंडं कोणत्या बाजूला आहेत ते बोटानं दाखवायला सांगायचं. एक डोळा झाकणं महत्त्वाचं. दोन्ही डोळे उघडे ठेवले तर चांगला डोळा कमजोर डोळ्याचं काम झाकून नेतो.

पाचवीतल्या एका मुलीला सगळा वर्ग 'ढ' म्हणायचा. फळ्यावरचं उतरवून घ्यायचं म्हटलं की शेजारणीच्या वहीत डोकावायची आणि बोलणी खायची. तक्त्यापुढं उभी केली तर वरच्या दोन ओळींच्या पुढं जाईना. घरी निरोप गेला, तेव्हा तिची आजीच शाळेत आली. म्हणाली, "पोरीच्या नाकावर आत्ताच चष्मा बसवता व्हय बाई? उद्या सोयरीक कशी जमायची हिची?"

त्यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता. बाईंनी तिच्या वडिलांना बोलावून घेतलं. मुलीला मागच्या बाकावर बसवून फळा वाचायला सांगितला. तिला एक शब्द वाचता येईना. मग पुढच्या बाकावर आणलं, तर सगळं घडाघडा वाचलं. वडील पाचेक मिनिटं काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हंजे पाच वर्सं हिला दिसतच नव्हतं, आन आमी हिला मारत व्हतो." तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात डोळ्यांची तपासणी झाली, चष्मा मोफत मिळाला. आजीही आता "चष्मा घाल गं" म्हणून पोरीच्या मागं लागते.

दुसरा मुलगा दुसरीतला, सात वर्षांचा, वर्गात पहिला. त्याच्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. डावा डोळा झाकला तेव्हा खालची ओळसुद्धा वाचली. उजवा झाकला तर तक्त्यावरचं सर्वांत मोठं अक्षरही दिसेना. त्याला स्वतःलाही हे माहीत नव्हतं. एका डोळ्यावर सगळं निभावत होतं.

अशा डोळ्याला 'आळशी डोळा' म्हणतात. लहानपणी डोळा पाहायला आणि मेंदू ते ओळखायला एकमेकांच्या जोडीनं शिकत असतात. एका डोळ्याचं चित्र अंधुक असेल तर मेंदू त्या डोळ्याकडं दुर्लक्ष करायला लागतो. सात-आठ वर्षांच्या आत चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर पट्टी असे उपचार झाले तर डोळा सुधारण्याची आशा मोठी असते. वय वाढत जातं तशी ती कमी होत जाते. मग नंबर काढून चष्मा दिला तरी डोळ्याला नीट दिसत नाही. पेरणीची वाफ निघून गेल्यावर कितीही चांगलं बी टाकलं तरी जसं उगवत नाही, तसंच हे आहे. या मुलालाही चिठ्ठी मिळाली. तिचं काय झालं ते पुढं सांगते.

शाळेमागं सापडलेल्या निळ्या गोळ्या

शाळेच्या मागच्या बाजूला गवतात आम्हाला निळ्या गोळ्या पडलेल्या दिसल्या. सहावीपासून पुढच्या मुलामुलींना आठवड्याला एक मिळते ती लोहाची गोळी. लहान वर्गांना गुलाबी असते. मोठ्या मुलींनी ती तोंडात धरून बाहेर जाऊन थुंकायची असं ठरवूनच टाकलं होतं. कारण विचारलं तर कोणी बोलेना. दोन दिवसांनी एकीनं हळूच सांगितलं, "ताई, एका पोरीला उलटी झाली व्हती. आन बाया म्हणत्यात, गोळीनं पुढं लेकरं व्हत न्हाईत."

उलटी झाली ती उपाशीपोटी गोळी घेतल्यामुळं. दुसरी गोष्ट निव्वळ अफवा होती. आम्ही खिचडी झाल्यावर मुलींसमोर बसून स्वतः गोळी घेतली. बाईंनीही घेतली. शौचाला काळं होईल, त्यानं घाबरू नका, हेही आधीच सांगून टाकलं. पुढच्या आठवड्यात गवतात गोळी दिसली नाही.

रक्त तपासलं तेव्हा आठवीतल्या एका मुलीचं हिमोग्लोबिन साडेआठ भरलं. त्या वयात ते बारा असावं लागतं. हातपाय गळून जाणं, धाप लागणं, अभ्यासात लक्ष न लागणं याला घरात 'आळस' म्हणत होते. इतकं रक्त कमी असेल तर आठवड्याच्या एका गोळीनं भागत नाही. आरोग्य केंद्रात जाऊन रोजचा उपचार घ्यावा लागतो. घरी पाहिलं तर सकाळी चहात भाकरी कुस्करून खाल्ली की पोरगी शाळेत यायची. जेवणाबरोबरचा चहा अन्नातलं लोह अंगाला लागू देत नाही. बाजरी, मेथी, हरभरा, मटकी हे घरचंच आहे. त्यावर लिंबू पिळलं तर लोह अधिक लागू पडतं. चहा तासभर उशिरा घेतला तरी फरक पडतो. पोटात जंत असतील तर तेही रक्त कमी करतात. म्हणून जंतनाशक दिनाला शाळेत आणि अंगणवाडीत मिळणारी गोळी चुकवू नये.

मोठ्या मुली महिन्यातले तीन-चार दिवस शाळेत येत नाहीत हेही हजेरीवरून दिसलं. स्वच्छतागृह बांधलेलं होतं, पण त्यात पाणी नव्हतं. पाईप टाकलेला होता, टाकी राहिली होती. यात डॉक्टर काय करणार? हे काम ग्रामपंचायतीचं आहे.

डॉक्टर नळी लावून बराच वेळ ऐकत राहिल्या

पथक आलं त्या दिवशी सहावीतल्या एका मुलीच्या छातीला नळी लावून डॉक्टर मॅडम बराच वेळ ऐकत राहिल्या. मग मला नळी देऊन म्हणाल्या, "ऐक." हृदयाच्या ठोक्यांच्या मधे वाऱ्यासारखा एक आवाज येत होता. मुलीला विचारलं, तर खो-खो खेळताना दम लागतो, मागं एकदा गुडघे सुजले होते, घसा तर नेहमीच धरतो. आजीनं तेल लावलं होतं. "वाढीचं वय हाय, पाय दुखणारच," असं म्हणून तो विषय संपला होता.

वारंवार घसा सुजण्यातून काही मुलांना सांध्यांचा ताप येतो आणि तो हृदयाच्या झडपांना धरतो. सांधे बरे होतात, झडपेचं नुकसान मात्र राहून जातं. वेळेवर कळलं तर दर तीन आठवड्यांनी पेनिसिलीनचं इंजेक्शन देऊन पुढचं नुकसान टाळता येतं. मॅडमनी जिल्हा रुग्णालयासाठी चिठ्ठी लिहिली.

संध्याकाळी आशाताईंना घेऊन मी त्यांच्या घरी गेले. वडिलांनी मुकादमाकडून उचल घेतलेली होती. गाडी दसऱ्यानंतर निघणार होती. जिल्ह्याला जायचं म्हणजे दिवसाचा रोज बुडणार, एसटीचं भाडं, आणि तिथं ओळख कोणाची? ते म्हणाले, "सिस्टर, पोरगी खाती, पिती, खेळती. रोग असता तर निजून ऱ्हायली असती का न्हाई?"

मी म्हटलं, "मामा, विहिरीची मोटार चालू असते तोवर आतलं बेअरिंग खराब झाल्याचं कळतं का? आवाज येतो तेव्हाच उघडून बघायची. हिचाही आवाज येतोय." ते हसले, पण हो म्हणाले नाहीत. आम्ही तीन वेळा गेलो. तिसऱ्या वेळी सरपंचही बरोबर आले. आणखी दोन लेकरांना त्याच दिवशी जिल्ह्याला न्यायचं होतं. सरपंचांनी एकच गाडी ठरवून दिली, आशाताई बरोबर गेल्या. सोनोग्राफीसारखी हृदयाची तपासणी झाली. एका झडपेला थोडा दोष निघाला. इंजेक्शन सुरू झालं. ते आता काही वर्षं घ्यायचं आहे. मुलीला ऊसतोडीला न नेता आजीजवळ ठेवायचं ठरलं. आजीच्या घरातल्या कालनिर्णयावर दर एकविसाव्या दिवशी लाल फुली आहे. ती आशाताईंनी मारलेली आहे.

परिचारिका घरापर्यंत गेली तेव्हा

आमच्या पुस्तकात शाळा-परिचर्येचा इतिहास आहे. आपल्या देशात शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी पहिल्यांदा १९०९ साली बडोद्यात झाली. त्याच्या थोडं आधीची गोष्ट अमेरिकेतल्या न्यूयॉर्क शहराची आहे. तिथं डॉक्टर शाळेत येत, खरूज, उवा, डोळे आलेले अशा मुलांना निवडून घरी पाठवत. मुलं हातात चिठ्ठी घेऊन जात आणि गल्लीत खेळत बसत. घरी ना कोणाला चिठ्ठी वाचता येई, ना औषधाला वेळ. वर्ग रिकामे पडू लागले. तेव्हा १९०२ साली लिलियन वॉल्ड या समाजसेविकेनं आपल्या संस्थेतली लीना रॉजर्स ही परिचारिका चार शाळांसाठी दिली. ती शाळेतच औषधपाणी करी आणि संध्याकाळी मुलांच्या घरी जाऊन आईला समजावून सांगे. वर्षभरात आजारामुळं घरी पाठवल्या जाणाऱ्या मुलांची संख्या सुमारे नव्वद टक्क्यांनी घटली. डॉक्टर तेच होते आणि रोगही तेच होते. चिठ्ठीच्या मागोमाग घरी जाणारं माणूस तेवढं नवीन होतं.

आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळांना कायमची परिचारिका नसते. उपकेंद्राच्या सिस्टरकडं पाच हजारांच्या आसपास लोकसंख्या असते. लसीकरण, बाळंतपणं आणि नोंदवह्या सांभाळून तिनं किती चिठ्ठ्यांच्या मागं फिरावं? आमच्यासारख्या विद्यार्थिनी येतात आणि महिन्यानं निघून जातात. तेव्हा हे काम गावानंच वाटून घेतल्याशिवाय होणार नाही.

गाडी निघून गेली

आता त्या सात वर्षांच्या मुलाची गोष्ट. त्याची चिठ्ठी डोळ्याच्या डॉक्टरांसाठी होती. घरी दोनदा सांगून झालं. आई म्हणाली, "दिवाळीच्या आधी नेतो." त्याला ठेवायला गावात आजी नव्हती. मुकादमाची गाडी चार दिवस आधीच आली आणि भांडीकुंडी, शेळी आणि दोन्ही लेकरं घेऊन घर निघून गेलं. आमची तुकडी गाव सोडताना त्यांच्या दाराला कुलूप होतं. फोनवर वडील भेटले. म्हणाले, "आता पट्टा पडल्यावरच येतो बाई, मग नेतो." पट्टा पडणं म्हणजे कारखान्याचा हंगाम संपणं, म्हणजे मार्च-एप्रिल. त्या डोळ्याच्या हिशेबात सहा महिने फार झाले.

त्या बापाला दोष देणं सोपं आहे. उचल घेतलेली असताना कोयता अर्ध्यावर टाकून येणं किती अवघड असतं, हे या जिल्ह्यात कोणाला सांगायला नको. पण त्याच्या हातात काहीच नव्हतं असंही नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम देशभर चालतो. चिठ्ठी बरोबर असेल, तर कारखान्याजवळच्या सरकारी रुग्णालयातही ती दाखवता येते. हे मी फोनवर सांगितलं. गुरुजींनी चिठ्ठीचा फोटो त्यांच्या फोनवर पाठवला. आशाताईंनीही नंतर दोनदा फोन केला. ऊस तोडणीचा एक दिवस मोडून ते गेले की नाही, ते हा मजकूर लिहीपर्यंत कळलेलं नाही.

गावाला काय करता येईल

मोठा खर्च लागेल असं यात काही नाही. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्यानं तीन-चतुर्थांश सभासद पालक असतात. त्या समितीनं एक साधी वही घालावी. तिच्यात लेकराचं नाव, कशासाठी चिठ्ठी, कुठं न्यायचं, कोण नेणार आणि काय झालं, असे पाच रकाने असावेत. दर बैठकीत ती वही उघडावी. शेवटचा रकाना रिकामा असेल त्या घरी समितीतल्याच कोणीतरी जाऊन यावं. शेजारच्या माणसाचं सांगणं परक्या सिस्टरपेक्षा लवकर पटतं.

ऊसतोडीच्या गावांनी मुख्याध्यापकांमार्फत आरोग्य केंद्राला पत्र देऊन पथकाची भेट दसऱ्याच्या बरीच आधी मागून घ्यावी. पथकाचा दौरा आधी आखलेला असतो, म्हणून पत्र शाळा उघडताच जावं. दिवाळीनंतर पथक आलं तर ज्या लेकरांना सर्वांत जास्त गरज आहे तीच वर्गात नसतात. ज्याचा उपचार चालू आहे त्या लेकराला हंगामी वसतिगृहात किंवा नातेवाइकांकडं ठेवता येतं का, ते गाडी भरण्याआधी पाहावं. मुकादमही गावचाच असतो. एका दिवसासाठी कोयता थांबला तर त्यानं अडवू नये, एवढं सरपंचांनी त्याला सांगायला हरकत नाही.

पथक येऊन गेलं की आठवड्याच्या आत एक दिवस ठरवून सगळ्या चिठ्ठ्यांची लेकरं एकाच गाडीतून न्यावीत. आशाताई बरोबर असाव्यात. आधार कार्ड आणि रेशन कार्डाच्या प्रती आदल्या दिवशीच काढून ठेवाव्यात. ग्राम आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीला वर्षाला दहा हजार रुपयांपर्यंत निधी असतो. गरजू कुटुंबाच्या अशा अडचणीला ठराव करून तो वापरता येतो. आणि ग्रामसेवकांनी शाळेतल्या मुलींच्या स्वच्छतागृहाची टाकी या महिन्यात बसवून घ्यावी.

घरच्यांसाठी एवढंच. आज संध्याकाळी लेकराचं दप्तर रिकामं करून पाहा. तळाशी दवाखान्याची चिठ्ठी असेल, तर तिच्यावरची तारीख वाचा आणि उद्या सकाळी आशाताईंना दाखवा.